दोन डाव्या बाह्या

२ फेब्रुवारी, सोमवार

ताईने लोकरीचा कोट देऊन टाकला! समोरच्या इस्त्रीवालीला. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "माझ्याकडे दोन आहेत." दोन तर कधीचेच होते. आजच कसं सुचलं?

काहीतरी शिजतंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रेडिओ गेला. गल्लीतल्या एका आजारी शिपायाच्या घरी. माझ्या आवडीचा कार्यक्रम त्यावरच लागायचा, पण रेडिओ पडला ताईचा. मी गप्प बसले. बसले म्हणजे दोन वाक्यं बोलून बसले.

८ फेब्रुवारी, रविवार

सगळं या नव्या पाळकसाहेबांमुळे. आज उपदेश होता जाळी टाकून येशूमागे निघालेल्या शिष्यांवर. निघाले म्हणे, मागे वळून पाहिलं नाही! त्यातल्या पेत्राला घरी बायको होती, सासू होती. त्यांनी संध्याकाळी दारात उभं राहून वाट पाहिली असेल, ते कोण सांगणार?

ताई डोळे पुसत होती. मी साहेबांचे बूट बघत होते. नवे कोरे. कुणी दिले?

११ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या शिवणाच्या दुकानात शिरले आणि ताईने फोनवर आवाज खाली केला. पलीकडे पुरुष! एवढंच कानावर आलं — "हो डॉक्टर, माझी तयारी आहे. तिला अजून सांगितलं नाही." तिला म्हणजे मला. आणखी कोण आहे तिला?

"कोण होतं?"

"ओळखीचे."

ओळखीचे! तिच्या ओळखीचं आणि माझ्या ओळखीचं नाही असं या जगात माणूस नाही. या वयात लग्नबिग्न तर नाही ना करत? हसू आलं, आणि मग नाही आलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तिने आपली कात्री माझ्या हातात दिली.

हे काय आहे ते कागदाला कसं सांगू! आमच्या दुकानाची रीतच ही — ताई कापणार, मी शिवणार. तिच्या कात्रीला दुसऱ्याचा हात लागत नाही. एकदा नळवाल्याने त्या कात्रीने सुतळी कापली, तर ताई त्याच्याशी पावसाळाभर बोलली नव्हती. आणि आज म्हणते, "धर. अंगठा असा ठेव. आता तू कापायला शिकायचंस."

"का? तुला काय झालंय?"

"काही नाही ग धाकटे. यायला हवं ना तुलाही."

कशासाठी यायला हवं? खडूची रेघ सोडून कात्री भलतीकडेच गेली. नशीब, जुन्या चादरीचं कापड होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, माझ्या बहिणीला काय पढवलंत? ते चपापले. "ताईंनी तुम्हाला सांगितलं नाही?"

म्हणजे गावाला माहीत, घराला नाही!

डोंगरापलीकडे मिशनचं घर आहे. अंथरुणाला खिळलेली मुलं असतात तिथे. कुणाचा हात वाकलेला, कुणाची पाठ. तयार कपडे अंगात जात नाहीत, घालताना मुलं रडतात. एकेकाचं माप घेऊन बेतणारं माणूस तिथल्या डॉक्टरांना हवंय. कायमचं. ताई मार्चमध्ये जाणार.

घरी आल्यावर भांडले. खूप.

"मला तरुणपणीच जायचं होतं," ती म्हणाली. "आधी आईचं आजारपण आलं, मग दुकान, मग तू."

मग मी! आजारपणाच्या रांगेत मीही.

"देवाने बोलावलंय ग."

"मला कसं काही कळवत नाही तो? पत्ता तर एकच आहे आपला!"

हसली. मी चेष्टा करत नव्हते. एकटी राहायची भीती वाटते मला, हे तिला तोंडाने सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. फार भीती वाटते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

टपाल कचेरीतल्या बाईंच्या मुलीचं शनिवारी लग्न. पांढरा साटिनचा गाऊन. ताई म्हणाली, बाह्या तू काप, मी बाजारातून अस्तर घेऊन येते.

बाह्या कापताना कापड दुहेरी घडी घालतात, सुलट बाजूवर सुलट बाजू. म्हणजे एक बाही डावी निघते, एक उजवी. शिवणाऱ्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. मी घडी घातली नाही. कापड एकेरी पसरलं आणि बाहीच्या मापाचा तोच कागद तसाच ठेवून दोनदा कापलं. दोन्ही बाह्या डाव्या.

मुद्दाम. इथे कोण बघतंय — मुद्दाम!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ताईने बाह्या उचलल्या. एकीवर एक ठेवल्या. पुन्हा ठेवल्या. तिच्या ट्रंकेत तिने स्वतःसाठी कधीकाळी घेतलेलं पांढरं साटिन होतं, ते काढलं. कात्री मागून घेतली आणि उजवी बाही कापली.

मग डॉक्टरांना फोन केला. माझ्यासमोरच. "नाही जमणार मला. धाकटीला दुकान एकटीने झेपणार नाही."

जिंकले!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकले तर घास का उतरत नाही?

२२ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांनी ताईला विचारलंच, बेत का बदलला. मी खांबाआड होते. (हो, कान देऊनच.) ताई म्हणाली, "अहो, पोरीच्या हातून चुकून बाह्या बिघडल्या. घाई मीच केली तिला."

चुकून!

तिला संशयसुद्धा आला नाही. मी तीन आठवडे तिच्यावर पाळत ठेवली, फोन ऐकले, साहेबांच्या बुटांपर्यंत गेले. आणि ती, जन्मभर माझ्याबरोबर राहून, माझ्यावर साधा संशय घेत नाही! भांडली असती तर मी पुरून उरले असते. याला काय करू?

घरी येताना म्हटलं, "रागावली नाहीस?"

"रागावू कशाला? कोट दिला, रेडिओ दिला, सगळं सोडलं असं वाटत होतं मला. पण जायची हौस अगदी गच्च धरली होती ग. तीही देवाच्या हाती दिली." चालता चालता थांबली आणि माझ्या पदराला चिकटलेला दोरा काढून टाकला.

ती तर सगळंच देऊन मोकळी झाली. मी या सगळ्यात टाचणी तरी दिली का कुणाला?

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ताईला बाह्यांचं खरं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, मग मला जवळ घेतलं. डॉक्टरांना फोन मी लावला. म्हटलं, माझी बहीण येतेय, जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका.

फोन ठेवला आणि तिथेच, काउंटरपाशी उभ्याउभ्याच देवाशी बोलले. घे. माझं एवढंच आहे, ते घे. पण नीट सांभाळ हं तिला — माझं लक्ष आहे तुझ्यावर.