चलनावरचं कुंकू

४ नोव्हें. २००३
रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. काल पोस्टमननं सही घेऊन इन्कम टॅक्सचं पत्र दिलं. तीनदा वाचलं. बारा तारखेला जालन्याला या, बँकेत टॅक्स भरल्याचं मूळ चलन संगं आणा. मंग ट्रंकेतून चलन काढलं. बँकेच्या शिक्क्यावर लालभडक स्वस्तिक! माझंच. लक्ष्मीपुजेला ट्रॅक्टरची चावी, पासबुक, चलन, समदं पाटावर मांडलं अन् एकेकावर वल्या कुंकवानं काढत गेले. शिक्का बिलकुल दिसंना. सरकारी कागद खराब केला म्हणून धरून नेतेत का? पिंकी अजून अंगावर पिती. तिला कोण पाजील?
ह्यांना कसं सांगू…

५ नोव्हें.
हे ऊस घेऊन कारखान्यावर गेल्ते, आज आले. ट्रॅक्टर माझ्या नावावर, म्हणून टॅक्सचे कागदबी माझ्याच नावावर. जुलैमधी वकिलानं हिशेब करून फॉर्म भरला, सहा हजार चारशे बँकेत भरायला सांगितले. भरले. मंग कारखान्याचा दाखला आला, तर तेवढाच टॅक्स आमच्या भाड्यातून आधीच कापलेला. म्हणजे दोनदा गेला. आता परत मागून राह्यलो. आले की मोठ्या चाकाचा टायर. जुना पार गुळगुळीत झालाय, त्याच्यावरच दोन ट्रॉल्या ऊस ओढतेत. हे घरी येईस्तोर माझा जीव थाऱ्यावर नसतो.
सासूबाई: "पैसे आपले, अन् अर्जबी आपणच करायचा? लई हुशार सरकार."
हे: "मालकीणबाई, कागद आला का?"
"आला. बाराला बोलिवलंय." पुढचं गिळलं.

६ नोव्हें.
कपाळाचं कुंकू तेलानं निघतं, म्हणून खोबरेल तेलाचा बोळा घेतला. अर्धं स्वस्तिक निघालं, कागद तेलकट. तेवढ्यात सासूबाई दारात.
"कामून पुसून राह्यलीस गं लक्ष्मीपुढलं कुंकू?"
हात तिथंच थांबला. आता ना धड शिक्का, ना धड स्वस्तिक. रडले. सगळं सांगून टाकलं.  सासूबाई म्हन्ल्या, "चावीवरचंबी पुसलं का?"
न्हाई म्हन्ले.
"मंग ठीक हाय. चहा ठेव."

७ नोव्हें.
दुकानातून भावाला फोन. परतूरला आडतीत मुनीम हाय माझा भास्करदादा. आधी हसला. हसतच राह्यला, इकडं माझं बिल वाढून राह्यलं.
"येडे, वह्यांवर आम्हीबी काढतो. पण कोऱ्या पानावर! शिक्क्यावर कोण काढतं?"
बँकेत जा म्हन्ला, त्यांच्या रजिस्टरात नोंद असती. बाराला जालन्याच्या स्टँडवर येतो, कोणत्या गाडीनं येतीस ते कळव.

१० नोव्हें.
पिंकीला घेऊन जीपनं घनसावंगी. पायदानावर दोघं लटकलेले. पिंकीनं एकाची टोपी काढली, तो म्हन्ला, "राहू दे, ताई, तिलाच शोभती."
बँकेत क्याशियरनं कागद हातात घेतला अन् नाकाला लावला.
"ताई, याच्यावर भजे ठिवले होते का?"
मान खाली. त्यानं कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. तेलानं काचावानी झाल्ता. मागून शिक्का दिसला! अक्षरं उलटी, पण नंबर बराबर. रजिस्टर काढलं, माझं नाव सापडलं. पैसे भरल्याचं पत्र दिलं, शिक्का मारून.
"पुढल्या दिवाळीला झेरॉक्सची पूजा करा."
लाजले अन् हसले. येताना जिलेबी घेतली. सासूबाईनं दोन कडे जास्तीचे खाल्ले.

११ नोव्हें.
ह्यांना सांगितलं. लई हसले. मंग टायरकडं पाह्यलं अन् म्हन्ले, उद्या येता यायचं न्हाई, गाडी कारखान्यावर लायनीत लावायची हाय.
"मी चौथी शिकलेली. सायेबापुढं काय बोलू?"
"झालं तसं बोल. नाव तुझं, तूच बोल."
अन् गेलेबी. दुकानातला फोन आज बंद पडलाय. दादाला गाडी कळवायची राह्यली.

१२ नोव्हें.
 सासूबाईनं हातावर दही ठिवलं. चलन, बँकेचं पत्र, दाखला, समदं प्लास्टिकच्या पिशवीत. अर्धं स्वस्तिक पाहून सायेब हसतात का हाकलतात…
सासूबाईला वाचता येत न्हाई, म्हणून वही उघडीच ठेवून चालले, पिठाच्या डब्यावर. घरात जो येईल अन् वाचील त्यानं फोन चालू झाला की जल्दी परतूरला माझ्या भास्करदादाला लावा. नंबर कॅलेंडरच्या मागं हाय. सांगा, चंदा सहाच्या गाडीनं निघाली, हिरवी साडी, पोरगी कडेवर. त्याला म्हणावं, सायेबासंगं मीच बोलते. त्यानं फक्त पिंकीला धरावं, मी सही करताना ती पेन ओढती.