एका वेळी एकच नाव

९ मे १८०३, सोमवार
धबधब्यापाशी पोहोचलो. जागा झकास! धबधबा चुकवून नावा खाली उतरवायचं हे दगडी कुंड: लांबी नव्वद फूट, रुंदी चौदा. वरच्या दारातून नाव आत घ्यायची, दार लावून पाणी उतरवायचं, मग खालचं दार. मार्चच्या पुरात जुनं दार फुटलं, चार माणसांसकट आतली नाव बुडाली, सापडलीच नाही. नवी दारं मी बनवलेली. कुंड भरलेलं असताना खालचं दार दहा बैलांनी ओढलं तरी हलणार नाही. आणि मी शाळेचं तोंडही न पाहिलेला गिरणीवाला! शनिवारी पिठाच्या नावेतून माझी बायको केझाया संसार घेऊन येतेय. पहिली नाव तिचीच.

१० मे
कुंड भरलं. गळती शोधायला पाण्यावर लाकडाचा भुसा टाकला. गळती नाही. मात्र मधल्या जागेत भुसा शिरेना. मोजली: साठ फूट बाय आठ, बरोबर एका नावेएवढी.
टाय हा आयरिश गवंडी म्हणाला, पेनॉकमास्तर, नवी नाव बोलावण्याआधी आतलीला वाट द्या. एका वेळी एकच नाव, नियम तुमचाच ना? मी म्हटलं, दुपारची व्हिस्की सकाळीच ढोसलीस वाटतं. सगळे हसले. टाय सोडून.

१२ मे
नावेचा दोर गुंडाळायचा ओकचा नवा खुंट. त्याला दोराची खाच पडलीय, पाऊण इंच. एकही नाव आलेली नाही. आभाळ भरलेलं, तरी खुंट गरम.
टाय गयावया करतो: पाणी उतरवा, खालचं दार पाव तास उघडा, आम्ही टोप्या काढून उभे राहू. रिकाम्या कुंडासाठी? मालक मंडळी काय म्हणतील? नाही म्हणालो.

१३ मे
काठाच्या कोरड्या दगडावर माणसांच्या हातांचे ओले पंजे. आठ. पुसले. केझायाला थांबवू? कारण काय कळवू?

१४ मे
१०.४० — कर्णा वाजला. केझाया पिंपावर बसलीय, हात हलवतेय.
१०.४४ — नाव आत. वरचं दार लावलं. पाणी उतरवायला घेतलं.
१०.४६ — भुसा दोन्ही भिंतींना चिकटून — तिची नाव आठ फूट. आठ नि आठ सोळा. कुंड चौदा.
लाकूड करकरतंय. दोन फूट उतरलं, आता वरचंही दार हलणार नाही — टाय ओरडतोय, खालचं उघडा मास्तर — उघडत नाही. उघडूच नये असंच मी ते —