धामणी नदीचा वाटा

लिहून देते मी, रुक्मिणीबाई भ्र. शहादेव खेडकर, वय अदमासे बहात्तर, धंदा शेती व ऊसतोड, रा. चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड. माझं डोकं ठिकाणावर आहे. मुलगा अजिनाथ याला तसं वाटत नाही, म्हणून डॉक्टरचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणाऱ्याला बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं आहे.

१. राहतं घर व दोन शेळ्या अजिनाथला. सून वर्षाराणी हिला माझा कोयता. ती नवऱ्यापेक्षा जास्त ऊस तोडते, हे इथं कायद्यानं नोंदवून ठेवते.

२. आमच्या शेताला लागून धामणी नदी आहे. ऊन वाढलं, पाऊस बिघडला, नदी दहा महिने कोरडी राहू लागली. म्हणून बंकट वकिलांनी हवा बिघडवणाऱ्या कारखान्यांवर नदीच्याच नावानं दावा लावला. कोर्टानं विचारलं, नदीतर्फे कोण? मी उभी राहिले. नातं विचारलं, तर मी म्हणाले, लेक आहे माझी. वय विचारलं, तर माझ्यापेक्षा मोठी. कारकुनानं तसंच लिहून घेतलं. समोरचे वकील म्हणाले, कोरडी म्हणजे मयत. मी म्हणाले, "सायेब, आमी सहा महिने तोडीला जातो, गावात दिसत न्हाई. मेलो का?" दावा अजून चालू आहे.

३. सबब नदीकाठची दोन एकर जमीन नदीला देते. साक्षीलाही तिलाच बसवणार होते, पण वाटा घेणाऱ्याची साक्ष चालत नाही म्हणे. अजिनाथला तिथं मुरूम टाकून, नदी बुजवून प्लॉट पाडायचे आहेत. नदी कागदावर बहीण झाल्याचं कळताच तो हक्कसोडपत्र आणि साडीचोळी घेऊन तिच्याकडं गेला. आमच्याकडं बहिणीचा वाटा असाच सोडवून घेतात. सही कशी घ्यावी कळेना, म्हणून त्यानं स्टॅम्पपेपर नदीतल्या डबक्यात बुचकळला. सगळी अक्षरं धुऊन गेली. साडी वर्षाराणीनं ठेवून घेतली. लई हसले मी. मग एकाएकी हसू गेलं.

४. कारण माझ्या पोटच्या लेकीकडून, साखराबाईकडून, असंच हक्कसोडपत्र मी स्वतः घेतलं होतं, एका साडीवर. तिनं फक्त विचारलं, "कुठं करू सही, आई?" मी बोट ठेवलं. मी चुकले, आणि ते मला फार सलतं. माझ्या माघारी नदीची पालक साखराबाई राहील. पालक नसला तर कोर्ट दावा काढून टाकील, असं वकील म्हणतात. साखरा, तुला द्यायला जमीन उरली नाही. कोणी कागद पुढं केला, तर नदीच्या वतीनं एवढंच म्हणायचं, न्हाई. ते मी तुला शिकवलं नव्हतं.

लिहून देणार: रुक्मिणीबाई खेडकर (सही)
साक्षीदार: १) कडूबाई, शेजारीण (अंगठा) २) राधाकिशन, पोस्टमन (सही)
ठिकाण: चकलांबा. दि. ३ मे २०२५