फाटकावरचं ‘येतो’

सोमवार, १० मार्च २०१४

विकलं! विद्याधरनं तळ्याकाठचं आमचं रिसॉर्ट विकलं. आईला सांगतो कधी, तर ती भाजी चिरत असताना. "आई, तुम्ही दोघं थकलात आता." थकलो म्हणे! माझ्या हातात सुरी होती, तेवढं तरी बघायचं.

पाडव्याच्या आत ताबा द्यायचा. मग आम्ही दोघं झाशीत, मानिक चौकामागच्या घरी. ह्यांना सांगायचं नाही असं ठरलंय. नात जानकी माझ्या कानाशी येऊन म्हणते, "आजी, आजोबांना मत बताना हं, ते परेशान होतील." अगं, तू कोण तेच त्यांना आठवत नाही, परेशान कसले होतायत!

बुधवार, १२ मार्च

विकत घेणारा येऊन गेला. पोहायचा तलाव खणणार म्हणाला. समोर एवढं मोठं बरुआसागरचं तळं — आणि हा मेला खड्डा खणून नळाचं पाणी भरणार!

हे व्हरांड्यात बसले होते. मला म्हणाले, "बाई, जागा छान आहे. मालक कोण?"

म्हटलं, "आहे एक येडा."

"भेटवा की."

मी आत गेले नि कणीक तिंबली. जरा जास्तच तिंबली.

शनिवार, १५ मार्च

कपाटं आवरली. ह्यांनी पाटबंधाऱ्यातली नोकरी सोडून इथं चहाची टपरी टाकली, तेव्हा सासूबाईंनी अन्न टाकलं होतं. पेशव्यांच्या वेळी कारभार करायला आलेलं घराणं आणि मुलगा चहा विकतो! इथल्याच आल्याचा चहा, माझी भजी. मग दोन खोल्या. मग होडी. मग टीकमगढची लग्नाची वऱ्हाडं — रात्रभर बँड, सकाळी माझं डोकं! रिसॉर्ट हा शब्द विद्याधरचा. आम्ही नुसतं ‘तळ्यावर’ म्हणायचो.

फाटकाच्या आतल्या अंगाला ह्यांनी रंगाऱ्याकडून एकच शब्द लिहून घेतला — ‘येतो’. निघणाऱ्यानं वाचावा म्हणून. घरात कुणी ‘जातो’ म्हणालं की चपला काढायला लावून परत बसवायचे. "जातो काय? मरायला निघालास का? येतो म्हण!" पण इथं मराठी वाचणार कोण? पाहुणे मला विचारायचे, "माताजी, ये तो... ये तो क्या? आगे का मिट गया?" हे दर वेळी तितक्याच हौसेनं समजावत बसायचे. मी म्हणायचे, अहो हिंदीत लिहा. नाही म्हणजे नाही!

नवा मालक पहिलं ते फाटकच काढणार आहे.

सोमवार, १७ मार्च

होळी. पुरण केलं. कोणी खाल्लं नाही. मीही नाही.

शुक्रवार, २८ मार्च

निघालो. ह्यांना थाप मारली — पाडवा घरी करू, मग आहेच परत. ह्यांनी मान डोलावली. विद्याधर गाडीपाशी उभा राहून रडत होता. रडू दे.

हे पुढे, मी मागे काठी घेऊन. फाटकाशी थांबले. शब्द वाचला, बोट फिरवून. मग मागे वळले आणि माझ्या खांद्यावरून तळ्याकडे बघत अगदी स्पष्ट म्हणाले, "जातो."

"येतो म्हणा!" मी खेकसले.

"नाही, कुसुमावती. जातो."

गेल्या दिवाळीपासून मी नुसती ‘बाई’. आज नाव घेतलं! म्हणजे ह्यांना सगळं उमगलं होतं — विकलेलं, माझी थाप, सगळं. म्हणून तळ्याचा निरोप घेतला. गाडीत मी घरापर्यंत खिडकीकडेच तोंड करून बसले. जानकीनं पाणी पुढं केलं. म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

सोमवार, ३१ मार्च

पाडवा. आमच्याकडे गुढी नाही. सुतक.

‘जातो’ तळ्याला नव्हते म्हणाले.