अयूबभाईंच्या जागेचा गडगा

रत्नागिरी

आदरणीय अयूबभाई यांना धाकट्या कनीजचे अस्सलाम अलैकुम.

इथे आम्ही मजेत. तिथे बहारीनमध्ये तुमचे गुडघे आणि भाभींची साखर, दोन्ही ताब्यात असोत हीच दुआ. फोनवर तुम्ही माझं बोलणं मधेच तोडता आणि व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकता (भाभींनीच सांगितलं), म्हणून हे पत्र तिकडे यायला निघालेल्या शेजारच्या नबीलाच्या नवऱ्याच्या सामानात सुक्या बांगड्यांच्या खाली घालून पाठवते आहे. वास आला तर समजून घ्या. तुमचा प्रश्न एकच: माझ्या घरापुढच्या उतारावर तुमची जी रिकामी जागा आहे, तिला चिऱ्यांचा गडगा घालून ती बंद केली की नाही? सांगते. पण त्याआधी इथे काय गंमत झाली ती ऐका.

पुण्याहून वेदिका नावाची एक मुलगी आली. वस्तीत घरं कुठे, दुकानं कुठे, मोकळी जागा कुठे आणि त्यामुळे माणसं किती चालतात-फिरतात, हे मोजायचं तिचं शिक्षण आहे. (असंही शिक्षण असतं, भाई. तुम्ही उगाच बी.कॉम. केलंत.) तिने आम्हा काही जणांच्या कमरेला आठवडाभरासाठी एकेक यंत्र बांधलं आणि रोजच्यासारखंच चाला म्हणून बजावलं. आता पाहुणी मुलगी एवढ्या लांबून मोजायला आलेली, तिला थोडक्यात वाटेला कसं लावायचं? सगळ्या मोहल्ल्याने मनावर घेतलं. ज्यांच्याशी माझं ईदपासून बोलणं बंद होतं, त्यांच्याकडेही मी विरजण मागायला गेले आणि यंत्राच्या भल्यासाठी भांडण मिटवून आले. गुणवंती मासळीची पाटी घेऊन एकाच आळीतून इतक्यांदा गेली की लोकांना वाटलं, मासळी शिळी आहे म्हणून खपत नाही. तिचा नवरा दत्ताराम मात्र यंत्र बांधून दिवसभर होडीत बसला, आणि वेदिकाच्या नकाशावर खाडीच्या मधोमध पाण्यावरून चालताना दिसला! तिने विचारलं तर म्हणतो, "मी कुठं चाललो? होडी चालली! मी नुसता बसलेलो."

त्या नकाशात घर पिवळं, दुकान लाल, मैदान हिरवं. गुणवंतीच्या पडवीत सकाळी मासळी विकतात, दुपारी सगळे झोपतात आणि संध्याकाळी शिवणाचा क्लास भरतो. वेदिकाने पडवीचा रंग तीनदा बदलला, मग माझ्याकडे येऊन डोकं धरून बसली. घावन आणि चहा पोटात गेल्यावर सावरली.

तुमची जागा मात्र तिने एका फटक्यात राखाडी करून टाकली. रिकामी, उपयोग काही नाही. (तुमचंही मत तेच.) पण आठवड्याने आमच्या चालण्याच्या रेघा तिने नकाशावर टाकल्या, तर खालचा राखाडी रंग दिसेचना! जेट्टी, मशीद, दवाखाना, एसटीचा थांबा, कुठेही जायचं तरी जो तो तुमच्याच जागेतून जातो. वेदिका आनंदाने उड्या मारायला लागली. मीही हसत होते आणि एकदम रडू आलं. माझा लेक रय्यान मुंबईला गेल्यापासून मी घरात एकटी. दिवसभरात जी माणसं "कनीजबी, चाय हाय काय?" म्हणून डोकावतात, ती सगळी त्या वाटेने येतात. वाट बंद झाली की ती डांबरी रस्त्याने वळसा घालून जातील. मग माझ्या दाराशी कोण थांबणार? मला त्याची फार भीती वाटते, भाई.

तरी तुम्ही मोठे. तुमचा शब्द मी आजवर कधी मोडलाय? (लग्नाचं सोडा.)

तुमची आज्ञाधारक बहीण,
कनीज

ता.क. गडग्याचं सांगायचं राहिलंच. लांज्याहून तुम्ही पाठवलेले चिरे पोचले आणि लागलेसुद्धा. एकही वाया गेला नाही.

ता.क. २: फक्त गडगा उभा नाही, आडवा घातलाय. म्हणजे तुमच्या जागेच्या वरच्या टोकापासून खाली उतरणारी पायऱ्यांची पाखाडी केली आहे. दत्तारामने बांधली, चिरे मोहल्ल्याने वाहिले (यंत्रं खरं तर त्या दिवशी बांधायला हवी होती). पायऱ्या ठेंगण्या ठेवायला लावल्या आहेत, तुमच्या गुडघ्यांना चालतील अशा.

ता.क. ३: चिरे कमी पडले. माझ्या दारापर्यंतच्या शेवटच्या पायऱ्या राहिल्या आहेत. अर्धा ट्रक आणखी पाठवा.