अंजनगावच्या बाजारातले अनोळखी गिऱ्हाईक

मी, भागीरथाबाई देवमन तायडे, वय साठीच्या आसपास, धंदा सतरंज्या विणणे व विकणे, राहणार तेल्हारा, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडे आहे, कारण शाळेत गेले नाही. पुड्यांचे कागद वाचून शिकले. डोके ठिकाणावर आहे. कोणी पढवले नाही, कोणी दटावले नाही. पुढचे काही तोंडाने सांगता आले नाही, म्हणून कागदावर.

एक. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक माझी मुलगी इंदू हिला. जावईबापूंनी त्यात मोलभाव करू नये. माझ्यामागे जेवणावळ घालू नये, वंदना म्हणावी, तेवढे पुरे.

दोन. माग आणि धागे ठोकायचा लोखंडी पंजा माझे दीर मोतीराम यांना. सात वर्षे आम्ही बोलत नाही. माझे मालक गेले तेव्हा त्यांनी एकच विचारले होते, "वयनी, तुमी बाजारातच होत्या ना? मंग काहून नाही कळलं?" मी म्हणाले, मी दुसऱ्या टोकाला होते, आणि अंजनगावच्या लोकांनी त्यांना घोटभर पाणीही दिले नाही. मोतीरामभाऊ अजून त्या गावाला शिव्या देतात. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. खरे तिसऱ्या कलमात आहे. ते इंदूला वाचून दाखवावे.

तीन. मालक सतरंजी विणत, मी विकत असे. तेल्हाऱ्यात सगळे ओळखीचे, म्हणून अंजनगाव सुर्जीच्या बाजाराला जायचो. एकाच मोटारीत वेगवेगळे बसायचो. दर बाजारी नवी जागा धरून मी माल मांडला की थोड्या वेळाने मालक अनोळखी गिऱ्हाईक होऊन यायचे.

"कितीले देता, बाई?"

"बारा रुपये, भाऊ."

"बारा? सोन्याचा धागा हाये का? सातले द्या."

दहावर सौदा ठरायचा. ते लाल-निळी सतरंजी खांद्यावर टाकून निघाले की भोवतीचे लोक साडेनऊला मागायचे आणि खूश व्हायचे. खरे मोल सात होते. तीच लाल-निळी त्यांनी माझ्याकडून शंभरदा विकत घेतली असेल. परत येताना म्हणत, "माह्याच हातचा माल, अन् मीच त्याले पातळ म्हणतो. आज तं तू मले लुटलंच असतं." मी म्हणे, "तुमी नाटक्या." हसायचो.

छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, खोटे बोलणार नाही असे दोघांनी हात जोडून म्हटले. घरी येताना त्यांनी विचारले, "भागे, आता बाजारात काय कराचं?" मी म्हणाले, "ते बोलणं नाही, धंदा हाये." पुढची तीन वर्षे ते माझ्या शब्दाखातर आले. हा दोष माझा आहे, त्यांचा धरू नये.

एकोणसाठ साली दिवाळीआधीच्या बाजारी भोवती चांगली गर्दी होती. एक माणूस तीन सतरंज्या बाजूला काढून उभा होता. मालक आठवर आले आणि मालावरच बसले. कपाळाला घाम. म्हणाले, "भागे, पाणी दे."

मी म्हणाले, "ओ भाऊ, घ्याचं नसन तं उठा. माल मळते."

लोक हसले.

ते नवे नवे डाव करत, हाही मी डावच समजले, असे मी सात वर्षे मनाला सांगितले. पण गिऱ्हाईक असताना त्यांनी माझे नाव कधी घेतले नव्हते. नाव घेतले तेव्हाच मला कळले होते. मी आधी त्या माणसाचे पैसे घेतले.

शेजारी मिरच्या विकणारी पार्बताबाई उठली. तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले, पाणी पाजले. घोटभर गेले, बाकीचे ओघळले. कोणी म्हणाले, "बाई, ती सतरंजी द्या, दवाखान्यात उचलून नेतो." मालक नेहमी घेत तीच. माझ्या तोंडातून निघाले, "पैसे कोण देईल?"

"मी देते. किती?" पार्बताबाई म्हणाली.

मी म्हणाले, बारा.

तिने घासाघीस केली नाही. कमरेच्या पिशवीतून सगळी चिल्लर काढली, मोजून दिली. मी घेतली. मग ती मलाच म्हणाली, "कोनाचा माणूस आहे, काय माहीत. याच्या बायकोले कोन सांगन?"

मी गाठोडे बांधून मागून गेले. दवाखान्याच्या दारात कोणी विचारले, याचे कोण आहे? मी म्हणाले, मी, आत्ताच आले. तोवर ते गेले होते. त्या बाजारात मी पुन्हा पाय ठेवला नाही.

चार. दवाखान्यातून माझ्याकडे परत आलेली लाल-निळी सतरंजी पार्बताबाईची आहे. माझ्याकडून पहिल्या शब्दाचा भाव देणारी ती एकटीच. तिचे बारा रुपये डब्यात तसेच आहेत, तेही द्यावे. ती नसेल तर तिच्या मुलाबाळांना. हे मोतीरामभाऊंनी स्वतः अंजनगावला जाऊन, भर बाजारात, चार लोकांसमोर करावे आणि मोठ्याने सांगावे: तो माणूस तेल्हाऱ्याचा देवमन तायडे, या सतरंज्या विणणारा. पार्बताबाईने विचारले होते, त्याचे उत्तर द्यावे. त्याच्या बायकोला कोणी सांगायची गरज नव्हती. ती समोरच बसली होती.

साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवलेला नाही. त्यांनी माझी सही पाहिली आहे, एवढेच.

सही: भागीरथाबाई देवमन तायडे
साक्षीदार: नत्थुजी गवई, पोस्टमन, आशाबाई इंगळे, शिक्षिका
मुक्काम तेल्हारा, दिनांक ९ ऑक्टोबर १९६६