हळू आवाजातला हुकूम

प्रिय संपतदादा,

प्रभूमध्ये सलाम. आमच्या चर्चमध्ये असंच म्हणतात.

माझं बाळ गेल्यावर माझ्यात शिरलेला तो आवाज आता गेलाय. तू आणि वहिनींनी मला किती मांत्रिकांकडे नेलंत! प्रत्येक जण केस धरून ओरडायचा, "कोण आहेस तू?" आणि तो आवाज माझ्याच तोंडून हसायचा.

स्वारगेटजवळच्या चर्चमधल्या पाळकबाईंनी मात्र हळूच विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

"शकू," मी म्हणाले. खूप दिवसांनी मीच बोलले होते.

मग तितक्याच हळू पाळकबाई त्या आवाजाला म्हणाल्या, "येशूच्या नावाने हिला सोड." ज्याचा अधिकार आहे, त्याला ओरडावं लागत नाही. गढूळ पाणी निवळावं तसं आत सगळं शांत होत गेलं, आणि मला खिडकीतल्या कबुतरांचे पंख ऐकू आले.

काल धायरीला तुमच्या घरी आले होते. तू हिंजवडीला कामावर होतास. मला बघताच वहिनींनी दार लावलं. मी पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्या पाणी घेऊन आल्या, माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या, आणि त्यांनी तुमची तान्ही माझ्या मांडीवर ठेवली.

ती झोपली, दादा. ऊन भिंतीवरून उतरलं तरी मी हलले नाही.

हे पत्र पाठवत नाही. रविवारी उपासनेनंतर मीच येतेय. वहिनींनी जेवायला बोलावलंय.

तुझी,
शकू